‘मी तीच आहे’ : साधना, फाळणी आणि पडद्यावरची ओळख

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांतून आलेले श्रोते समोर आहेत, म्हणून आजचा विषयही या पट्ट्याला जवळचा निवडला आहे. अभिनेत्री साधना. लगेच एक गोष्ट स्पष्ट करतो: साधना काही उल्हासनगरच्या नव्हेत. पण उल्हासनगर ज्या घटनेतून जन्माला आलं, त्याच घटनेतून त्यांचंही आयुष्य घडलं.

साधना म्हटलं की काय आठवतं? कपाळावरची ती केसांची झालर, ‘साधना कट’. आणि आपण तिथेच थांबतो. आज त्या झालरीच्या मागे काय होतं ते बघू.

साधना शिवदासानी यांचा जन्म 1941 चा, कराचीचा. फाळणी झाली तेव्हा त्या सुमारे सहा वर्षांच्या होत्या. घरदार सोडून कुटुंब भारतात आलं आणि शेवटी मुंबईत स्थिरावलं. त्याच काळात कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहत होते. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये संसार मांडले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही आपण ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतो ना? छावणी गेली, शब्द राहिला.

मुंबईत तेव्हा आणखी एक संस्था उभी राहिली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये जय हिंद कॉलेज सुरू केलं. साधना तिथे शिकल्या. झेलम जिल्ह्यातून निर्वासित होऊन आलेला बलराज दत्त नावाचा तरुणही तिथेच शिकला. पुढे तो सुनील दत्त झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

1958 साली ‘अबाना’ हा सिंधी चित्रपट आला. फाळणीनंतर भारतात तयार झालेला तो पहिला सिंधी बोलपट मानतात. नायिका होत्या शीला रमाणी, ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या. धाकट्या बहिणीच्या भूमिकेत साधना. मानधन नाममात्र एक रुपया, असं सांगतात. आता बघा, त्या वेळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या आणि सिंधी त्यात नव्हती. ती आली 1967 मध्ये. म्हणजे या भाषेला भारतात स्वतःचा प्रांत नाही, अनुसूचीत जागा नाही, आणि तरी ती पडद्यावर बोलली गेली. त्याची किंमत काय असेल, हे आपल्या गावात आपलीच भाषा ऐकणाऱ्याला सहज कळणार नाही.

‘अबाना’च्या निमित्ताने ‘स्क्रीन’ साप्ताहिकात छापलेला साधनांचा फोटो निर्माते शशधर मुखर्जींच्या पाहण्यात आला. त्यातून 1960 चा ‘लव्ह इन सिमला’. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना त्यांचं कपाळ रुंद वाटलं, म्हणून ऑड्री हेपबर्नसारखे केस कापले. झाला साधना कट! पुढे 1966 मध्ये त्यांनी नय्यर यांच्याशीच लग्न केलं.

1965 चा ‘वक्त’ घ्या. त्यातले त्यांचे चुडीदार-कुर्ते देशभर गाजले. वेशभूषा होती आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांची, ज्यांना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं. पण कथा काय आहे? एक सुखी व्यापारी कुटुंब एका रात्रीत उद्ध्वस्त होतं, मुलं विखुरतात, बाप रस्त्यावर येतो. कारण दाखवलंय भूकंपाचं. अनेक अभ्यासक त्यात फाळणी वाचतात. बापाची भूमिका करणारे बलराज साहनी रावळपिंडीचे. त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटाने फाळणीचं नाव क्वचितच घेतलं. ‘छलिया’, ‘धर्मपुत्र’ असे थोडे अपवाद. प्रेक्षक मात्र आपलं दुःख बरोबर घेऊनच थिएटरात बसत होता.

आता मुख्य मुद्दा. 1966 चा राज खोसलांचा ‘मेरा साया’. हा मूळ आपल्या मराठी चित्रपटावरून, राजा परांजप्यांच्या 1964 च्या ‘पाठलाग’वरून. नायक वकील आहे, त्याची बायको वारली आहे. आणि एक पकडलेली बाई कोर्टात उभी राहून सांगते, मीच तुझी बायको. घरातल्या खासगी खुणा सांगते. पुरावा मागितला जातो. उलटतपासणी घेणारे सुनील दत्त, पिंजऱ्यात साधना. दोघंही घर सोडून आलेले!

आणि त्याच दशकापर्यंत निर्वासित काय करत आले होते? 1950 च्या कायद्याखाली ‘क्लेम’ भरत होते. तिकडे आमचं घर होतं, एवढ्या खोल्या होत्या, हे कागदावर सिद्ध करा. जुन्या सिंधी घरांत ‘क्लेम’ हा शब्द अजून ऐकू येतो.

गैरसमज नको. ‘पाठलाग’ किंवा ‘मेरा साया’ निर्वासितांवर काढलेले नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. चित्रपटाचा अर्थ अर्धा पडद्यावर असतो आणि अर्धा समोरच्या खुर्चीत. ‘मी तीच आहे, ओळखा मला’ असं सांगणारी बाई बराकीतून आलेल्या प्रेक्षकाला आणि दादरच्या प्रेक्षकाला सारखी दिसली असेल का?

पुढे थायरॉइडच्या आजाराचा परिणाम त्यांच्या डोळ्यांवर झाला. बोस्टनला उपचार घेतले आणि 1969 मध्ये ‘एक फूल दो माली’, ‘इंतकाम’ घेऊन त्या परतल्या. 1974 चा ‘गीता मेरा नाम’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. मग पडदा सोडला आणि बरीच वर्षं कॅमेऱ्यापासून लांब राहिल्या. लोक याला अहंकार म्हणाले. मला तसं वाटत नाही. लहानपणी घर सोडायचं का, हे कोणी त्यांना विचारलं नव्हतं. पडदा कधी सोडायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं. 25 डिसेंबर 2015 रोजी त्या गेल्या.

जाता जाता एक विनंती. तुमच्या इमारतीत, कॅम्पात कुणी ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: इकडे आल्यावर पहिला चित्रपट कोणता पाहिला? कुणाबरोबर? कुठल्या भाषेत? उत्तर लिहून ठेवा, तारखेसकट. ताऱ्यांची चरित्रं कुणी ना कुणी लिहितंच. समोरच्या खुर्चीत बसलेल्यांची नोंद मात्र आपणच ठेवायला हवी, आणि त्यांना विचारायला आता फार वर्षं हातात नाहीत.