जुन्या पिकअपची अ‍ॅक्सिलरेटर केबल

मी मेकॅनिक नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, एवढीच माझी ओळख. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण माझ्या थोरल्या भावाची जुनी डिझेल पिकअप. एका पहाटे तो टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात शिरला. समोर हमाल, हातगाड्या, आडव्या लावलेल्या गाड्या. त्याने पाय उचलला, पण इंजिनची रेस उतरेना. दादाने प्रसंगावधान राखून क्लच दाबला, ब्रेक लावला, गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद करण्याचा नॉब ओढला. क्रेटच्या थप्पीपासून दोन हातांवर गाडी थांबली. नंतर पाहिले तर केबल तुटलेली नव्हतीच. तिच्या चार-सहा बारीक तारा सुटून वळल्या होत्या आणि कव्हरच्या तोंडाशी अडकून बसल्या होत्या.

आपल्या मंडळातील अनेकांचे पोट अशाच जुन्या गाडीवर चालते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरची मोठी बहीण. आत बारीक पोलादी तारांचा पीळ, बाहेर न दबणारे कव्हर. कव्हर जागेवर स्थिर राहते आणि आतली तार सरकते, त्यामुळे ओढ वळणावळणाने नेता येते. या रचनेचे पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली मागितले, म्हणून तिला बाउडन केबल असेही म्हणतात. पेट्रोल गाडीत ही तार हवेची झडप उघडते. जुन्या डिझेल गाडीत ती डिझेल पंपाचा लिव्हर ओढते. पंपातला गव्हर्नर त्यानुसार डिझेल कमी-जास्त सोडतो. पाय उचलला की लिव्हर मागे आणण्याचे काम स्प्रिंगचे. विद्यार्थी मित्रांनी हे नीट ध्यानात घ्यावे: तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ती कव्हरमध्ये अडली तर परत आणण्याची सारी भिस्त त्या स्प्रिंगवर. (१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल पिकअपमध्ये ही केबल नसते, पेडलला सेन्सर असतो. त्यांना हा लेख लागू नाही.)

केबल पूर्ण तुटली तर पेडल सैल पडते आणि इंजिन आयडलिंगवर येते. डिझेल इंजिन असेल तर पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी कडेला घेता येते. खिडकीतून सुतळी बांधून रेस देत घर गाठणारे बहाद्दरही मी पाहिले आहेत. कौतुक करण्याजोगी गोष्ट नव्हे. खरा धोका अर्धवट झिजलेल्या केबलचा. तिची लक्षणे आधीपासून दिसत असतात: पेडल जड लागणे, मध्येच अडखळणे, पाय उचलल्यावर रेस सावकाश उतरणे, पेडल पूर्ण दाबूनही चढावर ओढ कमी पडणे. टोकाच्या निपलजवळ बोट फिरवताना (जपून, तारा टोचतात) एखादी जरी तार सुटलेली लागली तरी केबल बदलावी. तेल सोडून काही दिवस ढकलले जातात, पण तुटलेल्या तारा तेलाने जुळत नाहीत. आत नायलॉनची नळी असलेल्या केबलला तर तेलामुळे उलट धूळच चिकटते.

नवी केबल आपल्याच मॉडेलची घ्यावी आणि दुकानात जुनीशेजारी ठेवून मोजावी. नुसती कव्हरची लांबी जुळून भागत नाही. कव्हरच्या बाहेर उघडी राहणारी तार दोन्हींत सारखी हवी. फसगत बहुधा इथेच होते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड, किल्ली काढलेली आणि इंजिन गार. जुनी केबल कुठून कशी गेली आहे याचा मोबाइलवर फोटो काढावा. आधी पंपाकडची बाजू: ब्रॅकेटवरचे दोन नट दोन पान्यांनी सैल करावेत, लिव्हर हाताने फिरवून तारेला ढील द्यावी आणि निपल खाचेतून काढावे. मग केबिनमध्ये आडवे होऊन पेडलच्या वरच्या टोकाचे निपल सोडवावे. जुनी केबल इंजिनच्या बाजूला ओढण्यापूर्वी तिच्या टोकाला सुतळी बांधावी, म्हणजे नवी केबल त्याच वाटेने आत घेता येते. पत्र्यातल्या भोकाचे रबर फाटले असेल तर तेही बदलावे, नाहीतर पत्र्याची धार कव्हर कापते. केबलला तीव्र वळण नसावे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापत्या भागापासून ती दूर राहावी.

आता सेटिंग. याला घाई करू नये. पेडल मोकळे असताना पंपाचा लिव्हर आयडलिंगच्या स्क्रूवर पूर्ण टेकलेला हवा आणि तारेत दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. तार ताणलेली ठेवली तर रेस कायम चढलेली राहते. मग दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगून आपण लिव्हर पाहावा. तो शेवटच्या स्टॉपला टेकला पाहिजे. पण लिव्हर आधी टेकून पेडल पुढे जातच असेल, तर पायाचा सगळा जोर तारेवर येतो आणि नवी केबलही लवकर तुटते. अशा वेळी पेडलखालचा स्टॉप बोल्ट वर घ्यावा. पंपाच्या सील केलेल्या स्क्रूला मात्र हात लावू नये.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल वीस वेळा दाबून अचानक सोडावे. प्रत्येक वेळी लिव्हर टक्कन मागे आला पाहिजे. एकदा जरी रेंगाळला तरी स्प्रिंग आणि केबलची वाट पुन्हा पाहावी. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून तसेच करावे, एक हात बंद करण्याच्या नॉबवर ठेवून. पायाखालचे मॅट पेडलवर चढत नाही ना, हेही बघावे. आमच्या दादाच्या गाडीत केबल बदलल्यावरही पेडल एकदा अडकले होते, ते या मॅटमुळेच.