विमा चालू होता, तरी भरपाई अब्बूंच्या गळ्यात का पडली?

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बू घरी आले. हातात नोटीस होती. दोन वर्षांपूर्वी मुलगा सोळा वर्षांचा असताना त्यांची मोटारसायकल घेऊन बाहेर पडला आणि वळणावर एका वयस्कर भाजीवाल्याला धडक बसली. त्या माणसाचा पाय मोडला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस चालली. विमा कंपनीने जखमीला पैसे दिले आणि आता तीच रक्कम ती गाडीमालकाकडून मागत होती.

"सर, इन्शुरन्स तर चालू होता ना? मग माझ्याकडून का मागतात?" त्यांचा प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आपल्या बऱ्याच घरांना माहीत नाही, म्हणून हे लिहितोय.

कायदा काय मागतो?

मोटार वाहन कायदा 1988, कलम 146 नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस. त्याच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई या विम्यातून मिळते. आपल्या गाडीचं नुकसान यात येत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' हा वेगळा भाग असतो आणि तो ऐच्छिक आहे.

विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000. पण खरी भीती दंडाची नाही. विमा नसताना कुणी जखमी झालं किंवा गेलं, तर लाखोंची भरपाई घर-दागिने विकून मालकालाच भरावी लागू शकते.

विमा असूनही कधी अडतं?

कंपनी काही कारणांवरून आपली जबाबदारी नाकारू शकते. चालकाकडे लायसन्स नसणं, किंवा त्या प्रकारच्या गाडीचं नसणं, हे त्यातलं मोठं कारण. 2019 च्या दुरुस्तीने नशेत गाडी चालवणं हेही कारण झालं. जखमी माणूस उपाशी राहू नये म्हणून न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला सांगतं, 'आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा.' त्या अब्बूंच्या बाबतीत हेच झालं होतं.

अल्पवयीन मुलाचा मामला आणखी गंभीर आहे. कलम 199अ नुसार पालक किंवा गाडीमालक स्वतः गुन्हेगार धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'फक्त दुकानापर्यंत जातो, अम्मी' या वाक्याची किंमत इतकी आहे.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनीही सावध राहावं. आपल्याकडे गाडी विकली जाते, पैसे दिले जातात, पण आरसी बुकावर नाव जुन्याच मालकाचं राहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. म्हणजे विकणारा अडकतो. घेणाऱ्याने 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यायचं असतं.

अमेरिकेतला 'एसआर-22' काय आहे?

तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून हा शब्द कानावर येतो. दारू पिऊन किंवा विम्याशिवाय गाडी चालवताना पकडलेल्या चालकाला तिथली अनेक राज्यं 'जोखमीचा' ठरवतात. एसआर-22 हा वेगळा विमा नाही. या चालकाकडे किमान विमा आहे, असं कंपनीने राज्याला दिलेलं ते प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी ते साधारण तीन वर्षं ठेवावं लागतं. मध्ये हप्ता चुकला तर कंपनी राज्याला कळवते आणि लायसन्स निलंबित होतं. अशा चालकाला प्रीमियमही जास्त पडतो.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर चालकाचा इतिहास बघून ठरत नाही. तो सरकार ठरवतं, गाडीच्या इंजिनावरून.

खर्च किती आणि कमी कसा करायचा?

1 जून 2022 पासून लागू झालेले वार्षिक दर असे: 1000 सीसीपर्यंतची खाजगी कार 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसी 3,416, त्यापुढे 7,897. दुचाकी 75 ते 150 सीसी 714 रुपये, 150 ते 350 सीसी 1,366. त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे लहान कारचा थर्ड पार्टी विमा दिवसाला सात रुपयांच्या आत बसतो, नेहमीच्या मोटारसायकलचा अडीच रुपयांच्या आत. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा याच्याबरोबर घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे.

चालकाचा इतिहास ओन डॅमेजमध्ये मात्र दिसतो. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के सूट मिळते आणि ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून:

- छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी सूट किती जाईल त्याचा हिशोब करा.
- पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर साठवलेली सूट जाते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- ही सूट मालकाची असते, गाडीची नाही. गाडी विकली तर सर्टिफिकेट घ्या, पुढच्या गाडीला चालतं.
- गाडी जुनी असेल आणि पैशांची तंगी असेल, तर फक्त थर्ड पार्टी घ्या. पण तो सोडू नका.
- गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरवर आधारित पर्याय विचारा. 2022 पासून त्याला परवानगी आहे.

विमा घ्यावा की नाही, असा दीनी प्रश्न आपल्या काही घरांत असतो. कायद्याने सक्तीचा विमा आणि ऐच्छिक विमा यांत अनेक उलमा फरक करतात. मनात शंका असेल तर आपल्या विश्वासाच्या आलिमांना जरूर विचारा, पण तोवर विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. समोरच्या माणसाचा हक्क हाही बंद्यांचा हक्क आहे.

त्या अब्बूंना मी वकिलाकडे पाठवलं. रक्कम हप्त्यांत भरण्याची विनंती त्यांनी केली आहे. भाजीवाल्या चाचांना भेटायला ते मुलाला घेऊन जातात.

आज रात्री जेवणानंतर एवढं करा: एम-परिवहन अ‍ॅपवर आपल्या गाडीचा नंबर टाका. विम्याची तारीख बघा, मालकाचं नाव बघा. आणि घरात लायसन्स नसलेलं कुणी असेल, तर चावी कुठे टांगलेली असते तेही बघा.