डॉक्टर घडवणारा डॉक्टर

परळला 1926 मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सरकारी नोकरीत नसलेल्या भारतीय डॉक्टरांनीच इथे काम करावे, ही देणगीदारांची अट होती. अध्यापक कोण असावा, हा प्रश्न तेव्हाही इतका महत्त्वाचा वाटत होता. आज त्याचे उत्तर दिल्लीतून निघणाऱ्या नियमावलीत असते. 1998 ची मेडिकल कौन्सिलची नियमावली बरीच वर्षे चालली. 25 सप्टेंबर 2020 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कारभार हाती घेतला. त्यानंतर 2022 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये नवे नियम आले.

नेहमीचा मार्ग असा. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षे एमडी किंवा एमएस, मग मान्यताप्राप्त महाविद्यालयात एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी. एवढे झाले की सहायक प्राध्यापक होता येते. पुढे चार वर्षांची सेवा आणि दोन शोधनिबंध झाले की सहयोगी प्राध्यापक. आणखी तीन वर्षे आणि एकूण चार निबंध झाले की प्राध्यापक. वैद्यकीय अध्यापनाचा आणि संशोधन पद्धतीचा असे दोन मूलभूत अभ्यासक्रमही करावे लागतात. कुठेही खंड न पडता सगळे जुळले, तरी प्रवेशापासून प्राध्यापकपदापर्यंत साडेसोळा वर्षे जातात. हृदयरोग किंवा मेंदूविकारासारख्या विषयात डीएम करायचे, तर एमडीनंतर त्यालाच तीन वर्षे लागतात.

या हिशेबात वर्षे मोजली जातात, निबंध मोजले जातात. शिकवणे मात्र मोजले जात नाही. वॉर्डातले एक उदाहरण घ्या. हृदयाची डावी झडप आकसलेल्या रुग्णाचा मर्मरध्वनी इतका हलका असतो की नवख्याला तो ऐकूच येत नाही. चांगला अध्यापक रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतो, स्टेथोस्कोपची ‘बेल’ छातीवर योग्य जागी अलगद टेकवतो, रुग्णाला श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगतो आणि मग स्टेथोस्कोप विद्यार्थ्याच्या कानाला लावतो. ‘ऐकू आला?’ विद्यार्थी ‘हो’ म्हणाला, तरी तो ध्वनी ठोक्याच्या कोणत्या टप्प्यात येतो हे सांगेपर्यंत अध्यापक त्याला सोडत नाही. त्यात अर्धा तास जातो. बढतीच्या अर्जात त्या अर्ध्या तासासाठी रकाना नाही.

2025 च्या नियमांनी दार आणखी रुंद केले. किमान 220 खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला सीनियर रेसिडेन्सीशिवायही सहायक प्राध्यापक होता येते. संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत पुरा करायचा. या सवलतीला सरसकट विरोध करणे मला पटत नाही. सर्पदंश, प्रसूतीतला रक्तस्राव, क्षयरोग हे सारे जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने रोज हाताळलेले असते आणि विद्यार्थ्याला त्याच अनुभवाची गरज असते. पण उत्तम उपचार करणारा आपोआप उत्तम शिकवतो असे नाही. त्याला शिकवण्याचे प्रशिक्षण सुरुवातीलाच आणि कसून मिळाले पाहिजे.

घाई कशासाठी आहे हेही उघड आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा ही नावे आहेत. या जिल्ह्यांना महाविद्यालये हवीच होती. पण इमारत निविदा काढून उभी राहते. अध्यापक घडायला साडेनऊ वर्षे लागतात. एमपीएससीमार्फत पदे भरेपर्यंत कंत्राटी नेमणुकांवर काम चालते आणि आयोगाची तपासणी जवळ आली की जुन्या महाविद्यालयांतले अध्यापक तात्पुरत्या आदेशाने नव्या ठिकाणी जातात. आयोगाच्या चेहरा ओळखणाऱ्या हजेरीने गैरहजर माणूस पकडला जाईल. रिकामे पद तिने भरणार नाही.

उपाय अवघड नाहीत. पदे कायमस्वरूपी आणि वेळेवर भरावीत. दुर्गम जिल्ह्यात येणाऱ्या अध्यापकाला राहायला घर आणि बदलीची निश्चित मुदत द्यावी. बढती देताना वॉर्डातले आणि विच्छेदनकक्षातले शिकवणे प्रत्यक्ष पाहून गुण द्यावेत. आणि वाचकहो, आपल्या जिल्ह्यात नवे महाविद्यालय जाहीर झाले की जागा किती, हे आपण लगेच विचारतो. यापुढे कायम अध्यापक किती, हेही लोकप्रतिनिधींना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.