परवानगीला मुदत हवी

तापकऱ्याला दूधपाव द्यावा हा जुना रिवाज. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलातही आप्तजन पाव नेत असतील. आमच्याकडे तर पोदेराच्या भोंग्यानेच उजाडते. पीठ चांगले फुलावे म्हणून पावात पोटॅशियम ब्रोमेट घालण्यास सरकारची संमती होती. भट्टीच्या आचेत ते उरत नाही, असे गृहीत! ब्रिटनने १९९० साली ते बंद केले. १९९९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक असण्याचा संभव नोंदविला. आपल्याकडे बंदी आली २०१६ साली, तीही दिल्लीच्या एका बिगरसरकारी संस्थेने पाव तपासून बोभाटा केल्यावर. परवानगीला मुदत का नसावी? यादीतील प्रत्येक द्रव्याची दर पाच वर्षांनी फेरतपासणी व्हावी व निष्कर्ष जाहीर व्हावेत, अशी आमची मागणी आहे. नल्लकुंट्यापासून जवळच, तारनाक्यास, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. हे काम तिच्याकडे सोपवावे.