पेठेविषयीची कुरकूर : ब्रिटनमधील ‘हाय स्ट्रीट’च्या ऱ्हासाचा एक विचार

१

इंग्लंडमधील एखाद्या मध्यम आकाराच्या गावी बसथांब्यावर दहा मिनिटे उभे राहावे आणि शेजारच्या मंडळींचे बोलणे ऐकावे. हवेविषयीची तक्रार संपली की दुसरी तक्रार बहुधा पेठेविषयीची असते. लोकर व सुयादोरे मिळण्याचे दुकान गेले, बँकेची शाखा गेली, मोठे कापडाचे दुकान फळ्या ठोकून बंद आहे. उरली आहेत ती केस कापण्याची, नखे रंगविण्याची, कॉफीची आणि जुने कपडे विकणारी धर्मादाय दुकाने. गाडी उभी करावी तर पैसे पडतात. चालत जावे तर जाण्यासारखे काही राहिलेले नाही. गावाच्या ज्या मुख्य पेठेस तेथे ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात, तिच्याविषयी अशी कुरकूर हा आता नित्याच्या संभाषणाचा भाग होऊन बसला आहे.

अभ्यासक मंडळी या कुरकुरीची बोळवण दोन प्रकारांनी करतात. कोणी म्हणतात, ही केवळ गतकाळाची हळहळ आहे. दुसरे म्हणतात, हा दांभिकपणा आहे. तक्रार करणारा मनुष्य स्वतःच घरबसल्या संगणकावरून खरेदी करतो, मग पेठ ओस पडली म्हणून तो कोणास बोल लावणार? हे दोन्ही आक्षेप सर्वस्वी खोटे नाहीत. तथापि, ते मान्य केल्यानेही प्रश्न सुटत नाही. कुरकूर ही एक साक्ष आहे, असे धरून तिची उलटतपासणी केली, तर ती कोठे खरी ठरते, कोठे चुकते आणि तिच्या मुळाशी कोणती खरी हानी आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम ‘पूर्वीचे राहिले नाही’ या तक्रारीचा विचार करू. ही तक्रार पेठेइतकीच जुनी आहे. डॅनियल डेफो याने व्यापाऱ्यांसाठी लिहून १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुकानांच्या सजावटीवर होणाऱ्या उधळपट्टीबद्दल नापसंती व्यक्त केली होती. पॅरिसमधील प्रचंड वस्तुभांडाराने शेजारच्या लहान दुकानदारांस कसे गिळले, हा एमिल झोला याच्या १८८३ मधील कादंबरीचा विषयच होता. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकारी भांडारे व साखळी-दुकाने पसरू लागली, तेव्हा स्वतंत्र दुकानदारांनी त्यांच्याविरुद्ध हाकाटी केली होती.

या संदर्भात वूलवर्थ्‌सचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. या अमेरिकन पेढीचे ब्रिटनमधील पहिले दुकान १९०९ मध्ये लिव्हरपूल येथे उघडले. सहा पेन्सांहून अधिक किमतीची वस्तू ठेवावयाची नाही, हा तिचा दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा क्रम होता. लहान दुकानदाराच्या दृष्टीने हा परका आणि स्वस्त प्रतिस्पर्धी होता. याच कंपनीची सुमारे ८०० दुकाने २००८ च्या अखेरीपासून ६ जानेवारी २००९ पर्यंत बंद झाली आणि सुमारे २७,००० लोकांची नोकरी गेली, तेव्हा लोकांनी जणू गावातील एक वडीलधारे माणूस गेल्याप्रमाणे शोक केला. एका पिढीचा आरोपी दुसऱ्या पिढीस आप्त वाटला.

यावरून कुरकुरीस काही अर्थच नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो घाईचा होईल. पूर्वीच्या प्रत्येक बदलात पेठेतील एक दुकान जाऊन दुसरे येत होते. लोकांचे पेठेत येणे थांबत नव्हते. आजच्या बदलात येणेच कमी झाले आहे. तक्रारीचे शब्द जुने असले, तरी त्यांचा विषय नवा आहे.

३

आता एकेक तक्रार घेऊ.

‘सगळ्या गावांत तीच ती दुकाने’ ही तक्रार या शतकाच्या आरंभी फार ऐकू येई. न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत एक्सेटर शहराची मुख्य पेठ सर्वाधिक ठशाची ठरली होती. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तक्रार उलटली : तीच ती दुकानेही आता राहिली नाहीत! या दोन तक्रारी वरवर परस्परविरोधी वाटतात; परंतु त्या एकाच कारणाची दोन फळे आहेत. ब्रिटनमध्ये दुकानाचे भाडेपट्टे परंपरेने पंचवीस वर्षांसारख्या दीर्घ मुदतीचे असत आणि दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होई, तो केवळ वाढीच्या दिशेने. पट्ट्याचा भाडेकरू जितका पैशाने भरभक्कम, तितकी मालमत्तेची किंमत अधिक. म्हणून मालकाचा ओढा साखळी-दुकानांकडे असे. त्यामुळे पेठा एकसारख्या झाल्या. एकसारख्या झाल्यामुळेच एका साखळीचे दिवाळे निघाले की शेकडो गावांत एकाच महिन्यात एकेक मोठी इमारत ओस पडू लागली. बीएचएसची १६४ दुकाने २०१६ मध्ये बंद झाली आणि सुमारे ११,००० माणसे बेकार झाली. डेबनहॅम्सची शेवटची दुकाने मे २०२१ मध्ये मिटली. अशा दुकानासाठी गावात आलेला ग्राहक शेजारच्या चांभाराकडे व पाववाल्याकडेही जात असे. मोठे दुकान गेले की लहानांची गिऱ्हाइके त्यांच्या काही दोषाविना घटतात.

‘गाडी लावावयास जागा नाही’ ही तक्रार खरी आहे. पण तिच्यात कारण व परिणाम यांची अदलाबदल झालेली दिसते. जुनी पेठ पायी चालणाऱ्यांसाठी व बसने येणाऱ्यांसाठी घडलेली होती. मोटार घरोघर आल्यावर मोटारीसाठीच बांधलेली खरेदी-केंद्रे उभी राहिली. उत्तर लंडनमधील ब्रेंट क्रॉस हे १९७६ मध्ये आणि गेट्सहेडचे मेट्रोसेंटर १९८६ मध्ये उघडले. त्याच सुमारास डडलीजवळ पोलादाच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या परिसरात मेरी हिल हे केंद्र उभे राहिले. ही भूमी सरकारने उद्योग-प्रोत्साहन क्षेत्र म्हणून घोषित केलेली असल्याने तेथे पट्टीची माफी होती. डडलीच्या पेठेतील मोठ्या साखळी-दुकानांनी तेथे स्थलांतर केले आणि जुनी पेठ खचली. नगरमध्यास अग्रक्रम देण्याचे नियोजन-धोरण १९९६ मध्ये अधिक कडक करण्यात आले. पण तोवर शेफील्डचे मेडोहॉल (१९९०) यांसारखी केंद्रे उघडून चुकली होती. वाहनतळाचे शुल्क रद्द केल्याने ही घटना मागे फिरणारी नव्हती.

‘पट्टीने दुकानदार मारला’ असे दुकानदार म्हणतो. ही तक्रार तपासणीत सर्वांत टिकाऊ ठरते. इंग्लंडमध्ये व्यावसायिक जागेवरील पट्टी त्या जागेच्या अंदाजित वार्षिक भाड्यावर आकारली जाते. अलीकडच्या वर्षांत तिचे प्रमाण या मूल्याच्या जवळजवळ निम्मे राहिले आहे. २०१० मध्ये अमलात आलेले मूल्यांकन एप्रिल २००८ च्या भाड्यांवर आधारलेले होते. ती तेजीच्या शिखरावरची भाडी होत. त्याच वर्षी आर्थिक अरिष्ट आले आणि अनेक गावांतील भाडी कोसळली. नवे मूल्यांकन २०१५ मध्ये व्हावयाचे होते. ते २०१७ पर्यंत पुढे ढकलण्यात आले आणि त्यानंतरही ज्यांची पट्टी उतरावयाची त्यांस ती उतार टप्प्याटप्प्यानेच मिळाली. म्हणजे मंदावलेल्या गावातील दुकानदार सात वर्षे व त्याहूनही अधिक काळ, अस्तित्वात नसलेल्या भाड्यावर कर भरत होता. उलट, शहराबाहेरील स्वस्त जमिनीवरच्या गोदामातून माल पाठविणाऱ्यास चौरस फुटामागे पट्टी फार कमी पडते. येथे दोष ग्राहकाचा नव्हे, काळाचाही नव्हे. तो कायद्याच्या वेळापत्रकाचा आहे.

‘इंटरनेटने सर्व खाल्ले’ ही तक्रार अर्धी खरी आहे. ब्रिटनच्या किरकोळ विक्रीत इंटरनेटवरील विक्रीचा वाटा २००६ च्या अखेरीस शेकडा ३ च्या आसपास होता. तो २०१९ मध्ये एक-पंचमांशाच्या जवळ गेला, महासाथीच्या काळात २०२१ च्या आरंभी शेकडा ३५ च्याही वर पोहोचला आणि नंतर उतरून एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक असा स्थिरावला. डडलीची पेठ खचली तेव्हा हा वाटा शून्य होता, आणि वूलवर्थ्‌स बुडाली तेव्हाही तो अल्पच होता. त्यापूर्वी, १९६४ च्या कायद्याने उत्पादकाने विक्रीची किंमत ठरवून देण्याची पद्धत बहुतेक वस्तूंबाबत मोडली होती. त्यामुळे मोठ्या दुकानास स्वस्त विकण्याची मुभा मिळून लहान दुकानाचे किमतीचे कवच नाहीसे झाले. इंटरनेटने जो घाव घातला तो अगोदरच क्षीण झालेल्या शरीरावर, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘नुसती धर्मादाय दुकाने आणि न्हाव्याची दुकाने’ या तक्रारीत रोगाच्या लक्षणास रोग समजले जाते. धर्मादाय संस्थांना पट्टीत शेकडा ८० इतकी सूट कायद्यानेच मिळते. दुसरीकडे, एप्रिल २००८ पासून रिकाम्या दुकानावर तीन महिन्यांनंतर मालकास पूर्ण पट्टी भरावी लागते. अशा स्थितीत नाममात्र भाड्यावर का होईना, धर्मादाय दुकानास जागा देणे मालकाच्या हिताचे असते. ते दुकान कोणास हुसकावून आलेले नसते. रिकामी राहिलेली जागा ते भरते. केस कापणे, नखे रंगविणे, कॉफी पिणे यांचे टिकून राहणेही तर्कसंगत आहे, कारण या गोष्टी टपालाने घरी पाठविता येत नाहीत.

४

आता दांभिकपणाचा आक्षेप. ग्राहकाने स्वतःच पेठ सोडली, मग त्याने रडू नये, या म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे : प्रत्येक खरेदीच्या वेळी ग्राहकासमोर ‘पेठ हवी की नको’ हा प्रश्न होता. वस्तुतः तसा प्रश्न त्यास कोणी कधी विचारलाच नाही. त्याच्यासमोर प्रश्न होता तो ही किटली येथे दोन पौंड अधिक देऊन घ्यावी की तेथे स्वस्त घ्यावी, एवढाच. आल्फ्रेड कान या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मधील एका प्रसिद्ध निबंधात याच घटनेस लहान निर्णयांची जुलूमशाही असे नाव दिले. न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावची प्रवासी रेल्वे बंद पडल्याचे उदाहरण त्याने घेतले आहे. लोक एरवी मोटारीने वा विमानाने जात आणि हवा बिघडली की रेल्वेचा आश्रय घेत. गाडी उपलब्ध असणे हीच एक सेवा होती. परंतु तिचे तिकीट कोठेच नव्हते. प्रवासाच्या तिकिटांवर गाडीचा खर्च निघेना, म्हणून गाडी बंद झाली.

पेठेचेही असेच आहे. दुकान माल विकते आणि त्याचे पैसे घेते. पण त्याबरोबर ते आणखी काही देत असते, ज्याचे पैसे गल्ल्यात पडत नाहीत. रस्त्यावर दिवा असतो, ओळखीचा चेहरा असतो, पाऊस आला तर आडोसा असतो. जेन जेकब्स हिने १९६१ मधील आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या एका मोहल्ल्यातील दुकानदार शेजाऱ्यांच्या किल्ल्या सांभाळत असल्याचे नमूद केले आहे. या कामाची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नाही. दुकान गेल्यावरच त्याची किंमत कळते, आणि तेव्हा ती चुकविण्याची सोय उरलेली नसते.

आल्बर्ट हिर्शमन याने १९७० मध्ये असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात असे दाखविले : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. पेठेच्या बाबतीत ज्यांस निघून जाणे शक्य होते, ज्यांच्याकडे मोटार, संगणक व पैसा होता, ते प्रथम गेले. मागे राहिले ते मोटार नसलेले, वृद्ध, व्यवहार रोखीने करणारे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून बँकांच्या सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या आहेत. शाखा गेल्याची तक्रार करणाऱ्या वृद्धेस ‘तुम्हीच तर शाखेत जाणे सोडले’ असे सांगता येत नाही. तिने ते सोडलेले नव्हते, इतरांनी सोडले. म्हणून बसथांब्यावरील दोन कुरकुरी एकसारख्या ऐकू आल्या, तरी एक सोडून गेलेल्याची व दुसरी अडकून पडलेल्याची असू शकते. पहिलीत हळहळ असते; दुसरीत रोजच्या जगण्याची अडचण असते.

५

उपायांचा विचार याच कसोटीवर केला पाहिजे. सरकारच्या सांगण्यावरून मेरी पोर्टास यांनी डिसेंबर २०११ मध्ये २८ शिफारशींचा अहवाल सादर केला आणि पुढील वर्षी बारा गावे प्रयोगासाठी प्रथम निवडण्यात आली. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून दुकान, कचेरी, उपाहारगृह इत्यादी उपयोग एकाच वर्गात आणून जागेचा उपयोग बदलणे सोपे करण्यात आले. डिसेंबर २०२४ पासून तेथील स्थानिक संस्थांना दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या दुकानांच्या भाडेपट्ट्याचा लिलाव करण्याचा अधिकार मिळाला आहे. या उपायांचे एक सामान्य लक्षण असे की, त्यांचे लक्ष मुख्यतः रिकाम्या जागेवर आहे. जागा भरली, की प्रश्न सुटला असे मानले जाते. परंतु वरील विवेचन खरे असेल, तर रिकामी जागा हा प्रश्नाचा दिसणारा भाग मात्र आहे. जी सेवा गल्ल्यावर विकली जात नव्हती, तिचा खर्च कोणी उचलावयाचा, हा मूळ प्रश्न आहे. तो खर्च ग्राहकाच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही, हे गेल्या साठ वर्षांच्या अनुभवाने दाखविले आहे. ग्रंथालय, दवाखाना, टपाल कचेरी यांसारखी सार्वजनिक कार्ये पेठेत आणून बसविणे हा त्याचा एक मार्ग आहे, कारण त्यांचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो आणि त्यांच्या निमित्ताने येणारी माणसे शेजारच्या दुकानांस मिळतात.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस शेवटी एक सूचना करावीशी वाटते. पेठेविषयीच्या तक्रारींची पाहणी करताना केवळ तक्रार टिपू नये. तक्रार करणाऱ्याने गेल्या आठवड्यात काय, कोठे व कसे खरेदी केले, आणि तसे करण्यावाचून त्यास दुसरा मार्ग होता काय, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. या तीन नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे हळहळ कोणती आणि हानी कोणती, हे बऱ्याच अंशी वेगळे करता येईल. एवढे झाले, तर ज्यांची कुरकूर आजवर इतरांच्या हळहळीत बुडून गेली, त्या अडकून पडलेल्या माणसांची गणना तरी होऊ शकेल.