हुशार कोणाला म्हणायचं?

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिला विश्वचषक पटकावला आणि त्याच फटक्यात ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. घोडा अडीच घरं चालतो एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांनाही एक गोष्ट पटलेली असते. बुद्धिबळ खेळायला डोकं लागतं!

मग संगणकाला बुद्धिबळ आलं, तर त्याला डोकं आहे असं म्हणायचं का? या प्रश्नावर जगभरचे जाणकार सत्तर वर्षं वाद घालताहेत. एआय म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला शेकडो लोकांची मतं मागवणारे अभ्यासही झाले. त्या खटाटोपातल्या या काही भन्नाट गोष्टी.

माणूसच झाला संगणक

१९४८ मध्ये गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने एका मित्राच्या जोडीने बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. अडचण एकच, तो चालवू शकेल असं यंत्रच तेव्हा नव्हतं. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. हातात नियमांचे कागद, समोर अ‍ॅलिक ग्लेनी नावाचा सहकारी, आणि एकेका चालीचा हिशेब करायला अर्धा-अर्धा तास. २९व्या चालीला ‘यंत्र’ हरलं. याच ट्युरिंगने १९५० च्या गाजलेल्या निबंधात ‘यंत्र विचार करतं का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्याऐवजी एक खेळ सुचवला होता. पडद्याआडून उत्तरं देणारा माणूस आहे की यंत्र, हे प्रश्न विचारून ओळखायचं. व्याख्येच्या वादाला बगल देण्याची ही फार देखणी युक्ती होती.

आधी बारसं, मग बाळ

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’, म्हणजेच एआय, हे नाव १९५५ च्या एका अर्जातून आलं. जॉन मॅकार्थी आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे पैसे मागितले. दहा माणसं, दोन महिने, १३,५०० डॉलर. मिळाले ७,५००. एका उन्हाळ्यात या विषयात मोठी मजल मारता येईल, असा त्यांना विश्वास होता! १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात मंडळी जमली खरी, पण बरेच जण येऊन-जाऊन होते. शेवटपर्यंत टिकले ते मोजके. नाव पक्कं झालं, व्याख्येवर मात्र एकमत झालं नाही.

पुढे पुढे पळणारी रेघ

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवलं. लगेच सूर उमटला, ‘छे, ही कुठली बुद्धी, ही तर नुसती आकडेमोड!’ दिव्याचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. तिच्या पिढीला संगणकाचं इंजिन म्हणजे सरावाचं नेहमीचं साधन. बुद्धीची रेघ अशी पुढे सरकवण्याच्या गमतीवर लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञाने बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की यंत्रांना जे अजून जमलेलं नाही, त्यालाच लोक बुद्धी म्हणतात.

माणसाच्या बुद्धीची तरी व्याख्या आहे का?

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना विचारलं, बुद्धी म्हणजे काय? चौदा जणांनी उत्तरं पाठवली आणि ती एकमेकांशी जुळेनात. १९८६ मध्ये हाच प्रश्न चोवीस तज्ज्ञांना पुन्हा विचारला गेला. तेव्हाही तीच गत. २००७ मध्ये शेन लेग आणि मार्कुस हुटर यांनी बुद्धीच्या सत्तरच्या आसपास व्याख्या एका जागी गोळा केल्या. यातला लेग पुढे डीपमाइंड या एआय कंपनीच्या संस्थापकांपैकी एक.

आणि यात मराठीचाही वाटा आहे! व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूप सिद्ध केलं. या चाचणीच्या अमेरिकी आवृत्तीत सुट्ट्या पैशांचे हिशेब होते, शब्दांचे अर्थ विचारलेले होते. इथल्या पोराला ते जसेच्या तसे विचारून कसं चालेल? हुशारी मोजायची पट्टी कुठे आणि कोणासाठी बनली, यावर बरंच काही ठरतं. कामतांनी जे केलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

पाचशेहून जास्त उत्तरं

आता मुख्य गोष्ट. बर्लिनच्या प्राध्यापक डॅगमार मोनेट आणि त्यांचे सहकारी कॉलिन लुइस यांनी २०१७ च्या सुमारास एक सर्व्हे घेतला. बुद्धीच्या आणि यंत्रबुद्धीच्या निवडक व्याख्या समोर ठेवायच्या, प्रत्येकीशी तुम्ही कितपत सहमत ते सांगायचं, आणि का, तेही लिहायचं. देशोदेशींहून पाचशेहून जास्त उत्तरं आली. यंत्रबुद्धीच्या व्याख्यांत सर्वाधिक पसंती पेई वांग यांच्या व्याख्येला मिळाली. वांग हे फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले. त्यांच्या मते, माहिती अपुरी, साधनं अपुरी, तरीही परिस्थितीशी जुळवून घेत काम करत राहण्याची क्षमता म्हणजे बुद्धी. वांग यांची ही व्याख्या डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण पसंती मिळाली म्हणून विषय संपला नाही. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्स’चा खास अंक निघाला. त्यात रिचर्ड सटन, रॉजर शँक, फ्रान्स्वा शोले, शेन लेग अशा दिग्गजांनी वांग यांच्या व्याख्येची उलटतपासणी केली. सटन यांनी तर मॅकार्थीच्या जुन्या व्याख्येची बाजू घेतली. जगात आपलं उद्दिष्ट गाठण्याच्या क्षमतेतला गणनेचा भाग म्हणजे बुद्धी, ही ती व्याख्या. आणि वांग यांनी या सगळ्यांना उत्तर दिलं. असा खुला वाद छापून येणं, यासारखी विद्वत्तेची मेजवानी क्वचित मिळते.

या व्याख्या नागपूरच्या रस्त्यावर लावून बघू

ऑगस्ट २०२५. नागपूर-जबलपूर महामार्गावर एका ट्रकने दुचाकीला धडक दिली, एका महिलेचा जीव गेला, ट्रक पसार झाला. तिच्या पतीला ट्रकची एकच ओळख सांगता आली, त्यावरच्या लाल खुणा. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण ‘मार्व्हल’कडे दिलं. नागपूरच्या आयआयएमची साथ घेऊन २०२४ मध्ये राज्य सरकारने उभी केलेली ही पोलिसांसाठीची एआय यंत्रणा. एका प्रोग्रामने लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, दुसऱ्याने त्यांचे सरासरी वेग ताडून पाहिले. एक ट्रक उरला. ३६ तासांत तो सुमारे ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर सापडला आणि चालकाला अटक झाली.

आता सांगा, ही बुद्धी का? मॅकार्थीच्या मापाने पाहिलं तर उद्दिष्ट गाठलं, म्हणजे होय. वांग यांच्या मापाने घोडं अडतं. माहिती अपुरी होती हे खरं, पण लाल खुणा शोधा आणि वेग ताडा हे ठरवलं माणसांनी. पुढच्या अपघातात खूण टायरवर असेल, तर प्रोग्राम आपण होऊन पवित्रा बदलेल का?

दुसरं उदाहरण शहरातल्या बसचं. २०२१ मध्ये नागपुरात ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. ‘आपली बस’च्या पुढच्या काचेवरचा कॅमेरा समोरचा धोका टिपतो आणि टक्कर होण्याआधीच चालकाला इशारा देतो. हे इशारे कुठे वारंवार वाजतात ते नकाशावर मांडलं, की अजून ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघातांच्या जागा, न झालेल्या पण होऊ घातलेल्या जागा दिसतात. त्यांना नाव दिलंय ‘ग्रे स्पॉट’. जीव जायच्या आधी जागा दाखवणारं तंत्रज्ञान मला तरी एआयच्या कुठल्याही शर्यतीपेक्षा प्यारं आहे.

एक शब्द गाळला

हा सगळा खल फक्त पंडितांसाठी, असं समजू नका. ओईसीडी या देशांच्या संघटनेने २०१९ मध्ये एआयची व्याख्या केली, त्यात उद्दिष्टं ‘माणसाने ठरवलेली’ असा उल्लेख होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो काढला. आता उद्दिष्ट उघड असो वा अध्याहृत, मिळालेल्या माहितीवरून अंदाज, मजकूर, शिफारस किंवा निर्णय कसा द्यायचा हे जी यंत्रणा ताडते, ती एआय. कामाला लागल्यावर तिने शिकत राहिलंच पाहिजे, अशी अट नाही. युरोपीय संघाच्या १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यातली व्याख्याही जवळपास अशीच आहे. या मापाने मार्व्हलची ट्रकशोधणी आणि ‘आपली बस’चा कॅमेरा, दोन्ही एआयमध्ये बसतात. जिथे असा कायदा लागू आहे, तिथे व्याख्येत बसलं की कायद्यात बसलं. मग ते चुकलं तर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्नही कायद्याने विचारता येतो.

म्हणून असा एखादा सर्व्हे तुमच्यापर्यंत पोहोचला, तर नुसते गुण देऊन थांबू नका. कारणांच्या रकान्यात आपल्या रस्त्यावरचं, आपल्या बसमधलं उदाहरण लिहा. लाल खुणांच्या ट्रकवर वांग आणि सटन यांचं एकमत होतं का, हे मला फार वाचायचंय.