गोळीबारानंतरचा अर्धा तास

रायफलीच्या नळीतून गोळी बाहेर पडायला एक-दोन हजारांश सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात ती नळीत जे मागे ठेवून जाते ते निस्तरायला पुढे अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास टाळला तर नळी आतून सडते. गोळीबाराचे फोटो सगळे काढतात, पण या अर्ध्या तासाचा फोटो मी कुठे पाहिलेला नाही.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते थ्री-नॉट-थ्रीच्या निरोपावर लिहायला. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी 2020 मध्ये या रायफलीला समारंभपूर्वक निवृत्त केलं. बाकी ठिकाणीही तिचं काम आता सलामी, सराव आणि कवायतीपुरतं उरत चाललं आहे. एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातल्या शस्त्रागारात काही रायफली अजून स्टँडवर उभ्या आहेत असं कळलं, म्हणून गेलो. तिथल्या आर्मोररची निवृत्ती जवळ आलेली. 'नाव छापू नका,' असं त्यांनी आधीच बजावलं. नवी पोरं त्यांना 'मेजर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो या नळीतल्या मळाचाच आहे. काळी दारू जळाली की तिचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. 1853 च्या एनफिल्ड रायफलीत गोळी तोंडाकडून ठासावी लागे, आणि नळीतल्या खाचांत काजळी बसली की गोळी आत सरकत नसे. म्हणून काडतुसाला चरबी लावत. त्या चरबीवरून 1857 साली काय पेटलं ते वेगळं सांगायला नको. पुढे 1888 मध्ये ली-मेटफर्ड आली. काजळी कमी धरावी म्हणून विल्यम मेटफर्ड यांनी तिच्या नळीत सात उथळ, गोलसर खाचा ठेवल्या होत्या. मग धूर न करणारं कॉर्डाइट आलं. काजळी घटली, पण त्याच्या ज्वाळेच्या उष्णतेने त्या उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. 1895 मध्ये पाच खोल खाचांची एनफिल्डची नळी आली ती यामुळे. हीच रचना पुढे ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलींत उतरली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'केएफ' ही अक्षरं ज्यांच्या बुडावर असत ती काडतुसंही याच नळीसाठी.

मेजरांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि रायफल माझ्या हातात दिली. म्हणाले, 'खिडकीकडं तोंड करा. मागनं बघा.' काही दिसेना. त्यांनी रायफल फिरवली, बोल्टच्या जागी अंगठा तिरका धरला आणि मला तोंडाकडून पाहायला सांगितलं. अंगठ्याच्या नखावर पडलेला उजेड नळीत शिरला आणि आतलं सगळं उजळलं. पाच खाचा डावीकडे वळत खोल जात होत्या. 25.2 इंचांची नळी आणि दर 10 इंचांना एक पूर्ण वेढा. या वेढ्यामुळे गोळी बाहेर पडताना सेकंदाला सुमारे 2,900 फेऱ्यांच्या वेगाने स्वतःभोवती फिरत असते आणि म्हणूनच सरळ जाते. एवढं सगळं ज्या खाचांवर अवलंबून, त्यांची खोली मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. त्यात गंजाचा एक ठिपका किती मोठा ठरत असेल याचा अंदाज मला तेव्हा आला.

सफाईचं साहित्य अगदी साधं. बटच्या पितळी झाकणामागे तेलाची बाटली आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एक मजबूत दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे फासे. फाशात चिंदी अडकवायची. कोरड्या सफाईची चिंदी 4 इंच बाय 2 इंच, तेलाची 4 बाय दीड. मापं उगाच नाहीत. चिंदी मोठी झाली तर नळीत अडकते, लहान झाली तर खाचांच्या तळापर्यंत पोचत नाही. वजन बोल्टकडून आत सोडायचं, तोंडातून बाहेर आलं की दोरी धरायची आणि एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही.

मेजरांनी हे एका नव्या शिपायाकडून करून घेतलं. पोराने दोरी मनगटाला गुंडाळली आणि हिसका दिला. मेजरांनी लगेच त्याचा हात धरला. 'तिरकं वडलंस. दोरी घासली बघ.' तोंडाच्या कडेला, जिथे दोरी टेकली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. 'एकदा घासून काय हुत न्हाई. पर वर्सानुवर्सं सगळ्यांनी असंच वडलं तर हितं चर पडतो.'

मग त्यांनी कोपऱ्यातली एक बाद रायफल आणली. तिच्या तोंडाची कड एका बाजूला खरंच खाल्ली गेली होती. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने पडावी तशी खाच. दोरी सुती, नळी पोलादाची, पण दोरीला चिकटलेली धूळ कानशीसारखं काम करते. गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श याच कडेला होतो. कड सगळीकडे सारखी नसेल तर गोळी सुटताच मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो, तिला धक्का देतो आणि नेम जातो. ही रायफल गोळीबाराने निकामी झालेली नव्हती. तिची रोज सफाई होत होती. ज्यांनी ती केली त्यांची निष्ठा पक्की होती, पण हात तिरका होता. माझा तो सगळा दिवस या एका कडेने खाऊन टाकला.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे जवळजवळ मीठच. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलाद खायला लागतं. तेल लावून उपयोग नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, उलट तेलाच्या थराखाली सुरक्षित बसून राहतं. त्याला पाणीच हवं. म्हणून गोळीबार झाला की नरसाळ्याने बोल्टकडून उकळतं पाणी ओतायचं. उकळतं अशासाठी की मीठ धुऊन जातंच, शिवाय नळी इतकी तापते की आतला ओलावा आपोआप वाळतो. मग कोरड्या चिंद्या, शेवटची चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत. मग तेलाची चिंदी. आणि एवढं करूनही नळी घामेजते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस चिंदी निघते. म्हणून पुढचे काही दिवस रोज ओढायचं. पुन्हा गोळीबाराच्या आधी हेच तेल पुसून काढायचं, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते.

या शिस्तीत मला एक मोठेपण दिसतं. रायफल चालवणारे बदलत राहतात, बदल्या होतात, निवृत्त्या होतात, पण नळी तीच राहते. आपल्यानंतर ती ज्याच्या हाती जाणार आहे त्याचं तोंडही पाहिलेलं नसताना त्याचा नेम चुकू नये म्हणून कुणीतरी पाणी उकळत असतं.

आता अडचणींकडे यायला हवं, आणि त्या थोड्या नाहीत. पहिली आपल्या हवेची. कोकणातली खारी हवा आणि घाटमाथ्यावरचा पावसाळा नळीला उसंत देत नाही. कोरड्या हवेत जी सफाई आठवड्यातून एकदा चालली असती ती इथे जूनपासून सारखी करावी लागते. तोंडाला बूच लावून ठेवलं तर पाणी जात नाही, पण आतली दमट हवाही बाहेर पडत नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड, कारण ती ज्ञानाची आहे. नव्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट नसतं, त्यामुळे उकळत्या पाण्याची गरज उरत नाही, आणि सफाईच नको असा समज पसरतो. पण तांबं आणि काजळी बसायची ती बसतेच. ऑलिंपिकमध्ये 50 मीटरवर ज्या पॉइंट टू-टू रायफली चालतात त्यांची तऱ्हा तर पूर्ण उलटी. तिथे शिशाच्या गोळीवरच्या मेणाचा पातळ थर नळीत बसलेला हवा असतो. झाडून पुसून लख्ख केलेली नळी पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे टाकते, म्हणून स्पर्धेच्या तोंडावर कुणी शहाणा नेमबाज ती घासत नाही. मात्र गोळी जिथे खाचांत शिरते तिथे काजळीचं कडक कडं धरतं. ते वेळेवर काढलं नाही तर गोळ्यांचा गट पसरतो, आणि ते काढायला लेपन केलेला गज, गज मधोमध ठेवणारी मार्गदर्शक नळी आणि धीर लागतो. कधी घासायचं याइतकंच कधी हात लावायचा नाही हे कळावं लागतं.

महाराष्ट्राला याची फिकीर सगळ्यात जास्त असायला हवी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. अंजली भागवत एनसीसीमधून नेमबाजीत आल्या. आज गावोगावी पोरं रेंजवर येतात ती ही नावं ऐकून. बहुतेकांची सुरुवात एअर रायफलीने होते, तिला सफाई जवळजवळ लागत नाही. पुढे जे पॉइंट टू-टूकडे वळतात त्यांच्या हाती अनेकदा दहा जणांनी वापरलेली रायफल येते. तिच्या तोंडाची कड कुणी तपासलेली नसते. गट पसरला की पोर स्वतःच्या श्वासाला आणि बोटाला दोष देतं. प्रशिक्षकही आधी तेच सुधारायला जातात. दोष नळीत असू शकतो हे सांगणारा माणूस रेंजवर असतोच असं नाही.

मेजर निवृत्त झाले की त्यांच्या जागी माणूस येईल. त्याला नव्या हत्यारांचं प्रशिक्षण मिळालेलं असेल, आणि ते योग्यच आहे. पण तिरका हात ओळखून मनगट धरणं प्रशिक्षणाच्या पुस्तकातून येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि त्यासाठी दोन्ही हात एकाच वेळी त्या खोलीत असावे लागतात. मेजरांसारख्यांना निवृत्तीआधीचं एक वर्ष फक्त शिकवण्यासाठी मोकळं ठेवणं कुठल्याही जिल्ह्याला परवडेल. रेंज चालवणाऱ्यांनी सरावाच्या वेळापत्रकात गोळीबाराइतक्याच ठळक अक्षरांत सफाईची वेळ लिहावी, आणि मुलाने पहिली गोळी झाडण्याआधी त्याच्याकडून एकदा नळी साफ करून घ्यावी. याला पैसा लागत नाही. चिंदी, तेल आणि अर्धा तास लागतो.